परवानगीकाका

अख्ख्या कारखान्याच्या संगणकांचे अधिकार ज्यांच्या हाती होते, ते परवानगीकाका स्वतः मात्र साध्या कारकुनाच्या लॉगिन खात्यातून काम करत. मानपाड्याला आमचा सुट्या भागांचा कारखाना. काका आंबिवलीहून येत. नवीन काही बसवायचं असेल तेवढ्यापुरता अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकायचे आणि काम झालं की लगेच बाहेर. "तलवार उपसून कोणी जेवायला बसतं का?" असं त्यांचं म्हणणं.

परवानगी मागणारी चौकट पडद्यावर आली की ते ती मोठ्याने, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. मी मागे उभा राहून जांभया देई. माझा सहा महिन्यांचा कोर्स झालेला असल्यामुळे मला सगळंच येत होतं. साहेबांच्या मागे भुणभुण लावून मी अ‍ॅडमिनचे अधिकार मिळवले. त्यासाठी वेगळं खातं ठेव, असं काकांनी बजावलं. मी ते अधिकार रोजच्याच खात्याला चिकटवून घेतले आणि दिवसभर मिरवत बसलो.

खंडेनवमीला आमच्याकडे लेथबरोबर संगणकांनाही हळदकुंकू लागतं. त्या वर्षी सगळ्या संगणकांवर एकदम आरती वाजावी, ही अक्कल माझी. फुकटचा एक प्रोग्राम सापडला. चौकट आली, मी 'हो' दाबलं. दुसरी आली, तिलाही 'हो'. आरती काही वाजली नाही. दसऱ्यानंतर कामावर आलो तर त्या प्रोग्राममधल्या व्हायरसने कारखान्याच्या सगळ्या ड्रॉइंग्जना कुलूप लावलेलं, एकही फाइल उघडेना. नोकरी गेलीच म्हणून मी त्या दिवशी डबाही उघडला नाही.

काका दर शनिवारी सगळ्याची एक प्रत काढून लोखंडी कपाटात ठेवत, म्हणून वाचलो. सगळे संगणक पुसून पुन्हा उभे करायला त्यांना तीन दिवस लागले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेबांना तूच सांग. मी सांगितलं तर ती चुगली होईल." मी सांगितलं. अधिकार गेले, नोकरी राहिली.

पुढे काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, आता पासवर्ड कोणाकडे द्यायचा? मी पेढ्यांच्या खोक्याआड तोंड लपवून उभा होतो. काकांनी माझंच नाव घेतलं. साहेबांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

"साहेब, बाकीच्यांना भीती शिकवावी लागेल," काका म्हणाले. "याला येते."

मला रडूच कोसळलं. त्यांनी पासवर्डचं पाकीट पुढे केलं, तेव्हा माझा हात थरथरत होता. काकांनी तो हात नीट पाहून घेतला, आणि मगच पाकीट सोडलं.