वॉशरमावशी

तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसलेल्या मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांना नळ उघडता आणि बंद करता यायचा, एवढंच. पुढे शेजाऱ्यांनी त्यांचं नाव वॉशरमावशी ठेवलं, त्याला कारण झालं सिंकखालचं कपाट.

त्या कपाटात मागच्या बाजूला लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकची पेटी होती. सगळे फ्रॉक मावशींनीच शिवलेले. एकदा पेटी ओढली तर भिजून कुजलेला तळ हातात आला. फ्रॉकना बुरशी, कपाटाची फळी फुगलेली. सिंकची नळी किती महिने थेंबथेंब गळत होती, देव जाणे.

प्लंबर आला, नळी बदलली आणि म्हणाला, "अधूनमधून सांध्यावरून कोरडा कागद फिरवायचा. कागद ओला झाला की समजायचं. एवढं केलं असतं तर पेटी वाचली असती."

मावशींना ते फार लागलं. "मग शिकवा मला," त्या म्हणाल्या.

प्लंबर हसला, पण शिकवायला बसला. वॉशर कसा बदलायचा, टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची, पान्याने नट किती आवळायचा. पहिल्याच दिवशी पाणी बंद न करता मावशींनी नळ खोलला आणि दोघंही नखशिखांत भिजली. मावशी हसून हसून खालीच बसल्या.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांची फेरी ठरली. घरातले सगळे सांधे कागदाने पुसायचे आणि जिन्यातला इमारतीचा मेन व्हॉल्व्ह एकदा बंद करून पुन्हा उघडायचा.

वरच्या मजल्यावरचे बाइंडरकाका घरातच पुस्तकं बांधायचे. ते जाता-येता चिडवायचे, "काय मावशी, व्हॉल्व्हला व्यायाम का?"

"हो तर. बसून राहिला की सांधे धरतात त्याचे. तुमच्या घरातलाही फिरवत जा."

काकांनी अर्थातच फिरवला नाही.

एका सकाळी ते ओरडतच जिना उतरले. बेसिनखालची नळी फुटली होती, खोलीत पाणी पसरत चाललं होतं आणि घरातला व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी हलत नव्हता. मावशी तडक जिन्यात गेल्या. मेन व्हॉल्व्ह लोण्यासारखा फिरला. वरचा धबधबा थांबला.

दोघं धावत वर गेली. शाळेच्या ग्रंथालयाची दोनशे पुस्तकं जमिनीवर रचलेली होती आणि पाणी त्यांच्यापासून वीतभर अलीकडे थांबलं होतं. काकांनी एकेका गठ्ठ्याखाली हात घालून पाहिला. सगळं कोरडं.

"मावशी," ते खुर्चीत बसत म्हणाले, "आता मलाही शिकवा."

"आधी फडकं घ्या," मावशी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काकांसोबत आणखी चार शेजारी मावशींच्या दारात हजर झाले. त्यांत आयुष्यभर बस चालवलेले एक आजोबा होते. पाना हातात धरायची त्यांची ही पहिलीच वेळ. घरी जाऊन त्यांनी मोरीतल्या गळक्या नळाला स्वतः वॉशर बसवला आणि मग तो नळ दिवसभर उघडून बंद करत बसले. शेवटी आजी म्हणाल्या, "अहो, पुरे आता. मला भांडी घासू द्या."

आजोबा बाजूला झाले, पण दारातच उभे राहिले. भांडी होईपर्यंत नळाकडे कौतुकाने बघत.