दाजींनी आखलेली सुट्टी

आराम करण्यासाठी अंगातून घाम काढणारा मनुष्य सबंध भूतलावर एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे, हे मी कुठल्याही सभेत उभा राहून सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. मीच काय, पिंपरीच्या कारखान्याच्या फाटकापासून काळेवाडीच्या वेशीपर्यंत जो भेटेल तो त्यांना दाजीच म्हणतो. जणू त्या सगळ्या मुलखाला मिळून एकच बहीण होती आणि ती यांना दिली. दाजी कारखान्यात बॉयलरवर फोरमन. सकाळचा भोंगा व्हायच्या कितीतरी आधी ते फाटकात हजर असत. "एवढी घाई कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मेव्हणं, मी पोचल्याशिवाय त्या भोंग्याला वाजायचा धीर होत नाही." आणि खरं सांगतो, त्यांच्याकडे बघितलं की भोंग्याचीही बाजू पटायची.

कुठलीही गोष्ट थोडकी करणं त्यांना जमतच नसे. त्यांना सर्दी झाली तर शेजारपाजारची मुलं अभ्यास टाकून बघायला येत. कलिंगड घ्यायला गेले की ढिगातल्या एकेका कलिंगडाला कान लावून टिचक्या मारत बसत. चिंचवडच्या बाजारात एका बागायतदाराने बराच वेळ हा तपास बघितला आणि शेवटी हात जोडून विचारलं, "डाक्टर, वाचंल का हो त्यो?" दाजींनी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. पाहुणचाराच्या बाबतीत तर बोलायलाच नको. साताऱ्याकडून, बीडकडून, कोकणातून जो कोणी त्या नव्या कारखान्यात चिकटे, त्याला खोली मिळेपर्यंत दाजी आपल्या घरी जेवायला आणत, आणि खोली मिळाल्यावर खोली मिळाली म्हणून जेवायला आणत.

आता हा सगळा पाहुणचार दाजींनी केला असं जगाला वाटे. तो करत होती माझी अक्का. पहाटे तिची चूल पेटे ती दुसऱ्या पाळीचे लोक हात धुऊन गेल्यावरच विझे. ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. पण माझ्या लग्नात एक गोष्ट घडली. पंगतीत तिला आग्रहाने बसवलं होतं. पहिला घास तोंडाशी नेला आणि कोणीतरी पलीकडून "मीठ" म्हणालं. लग्न माझं, वाढपी भाड्याचे, आणि उठली अक्का. मग कोणी पाणी म्हणालं, कोणी लोणचं म्हणालं, आणि पंगत उठली तेव्हा तिच्या पानावरचा भात तसाच होता. दाजी समोरच्या रांगेत होते. त्यांनी ते सगळं बघितलं. त्या दिवशी माझ्या शेजारी येऊन, कधी नव्हे ते हळू आवाजात, ते म्हणाले, "मेव्हणं, संसाराला इतकी वर्षं झाली, पण ही स्वस्थ बसल्यावर कशी दिसते ते मला ठाऊक नाही. मला ते बघायचंय."

आणि हा माणूस बघायचं म्हणाला की बघणारच! लगेच विचार सुरू झाला. घरात ती बसणं शक्य नाही, माहेरी नाही, देवाला गेलं तर तिथेही नैवेद्य असतो. मग अक्काला बसवायचं कुठे? उत्तर दिलं मयेकर नावाच्या फिटरने. तो कुलाबा जिल्ह्यातला. त्याच्या मामाचं घर किनाऱ्यालगत, खाडीपलीकडच्या एका लहानशा बेटावर होतं.

"काय नाय हो दाजी तिथं," मयेकर म्हणाला. "माड हायेत, वाळू हाय, नि दुपारची झोप हाय. मामीला रांधायची लय हौस. वयनी नुसत्या बसतील."

"नुसत्या?"

"नुसत्या!"

दाजींनी मयेकराला मिठी मारली. कारखान्यात उन्हाळ्यात यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर सुट्टी असे. त्या सुट्टीत दाजी आणि अक्का दोघांनीच बेटावर जायचं, वाळूत बसायचं आणि काहीही करायचं नाही, असं ठरलं. काहीही न करण्याची एवढी जंगी तयारी पिंपरीत त्याआधी कोणी केली नसेल.

दाजींचं म्हणणं असं, की आपण देशावरची माणसं. आपल्याला वाळूत पडायची सवय नाही. ऐन वेळी जमलं नाही तर फजिती व्हायची. म्हणून एका रविवारी आम्ही तालमीसाठी पवनेच्या पात्रात गेलो. दाजी कोट-टोपीसह वाळूत उताणे झाले, डोळे गच्च मिटले, मुठी आवळल्या आणि आराम करू लागले. अक्का शेजारी बसली आणि बसल्या बसल्या वाळूतले खडे वेचू लागली. एवढ्यात पिंपळे सौदागरचा एक शेतकरी पलीकडून धोतर वर धरून पाण्यातून धावत आला.

"काय झालं वो पावण्यास्नी? घेरी आली व्हय?"

"काही नाही," दाजी डोळे न उघडता म्हणाले. "आराम करतोय."

"मंग असं दात खाऊन का करताय?"

दुसरी तालीम होडीची. दाजींना पोहता येत नव्हतं आणि बेटावर जायचं तर खाडी आडवी. लॉऱ्या दुरुस्त करणारे बाबूभाई हे दाजींचे जिवाभावाचे दोस्त. त्यांच्याकडून लॉरीची एक फुगवलेली ट्यूब आणली आणि पुनावळ्याच्या एका विहिरीत दाजी त्या ट्यूबमध्ये बसले. बसले ते बसलेच. ट्यूब कमरेला अशी घट्ट बसली की दाजींना ना वर येता येई ना बुडता येई. शेवटी मोटेचा दोर त्यांच्या काखेतून घेतला, बैल जुंपले, आणि मोटकऱ्याने नेहमीच्या सुरात बैलांना हाक घातली. दाजी संथपणे गोल फिरत वर आले. काठावर टेकताच म्हणाले, "पाण्याची भीती गेली." बाबूभाई म्हणाले, "दाजी, तुमची गेली, बैलांची बसली!"

इथवर सगळं बेतशीर चाललं होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे. आपण गावाला निघालो की भेटेल त्याला "चला की आमच्याबरोबर" म्हणायचं. त्यानेही "नको, तुम्ही जाऊन या" म्हणायचं. झालं, दोघांचाही मान राहतो आणि कोणी कुठे जात नाही. सगळी दुनिया याच रिवाजावर सुखाने नांदते आहे. दाजींचा घोळ असा, की एका नकारावर थांबणं त्यांना अपमानास्पद वाटे. पंगतीत जिलबी वाढावी तसे ते बोलावत.

"चला की मयेकर, तुमचंच तर गाव!"

"नको दाजी, तुम्ही जाऊन या."

"असं कसं? आमच्या गळ्याची शपथ!"

"नको हो…"

"मग आम्हीही नाही जात. राहिलं!"

आता गळ्याच्या शपथेपुढे आणि राहिलेल्या सहलीपुढे कुठला सज्जन टिकेल? मयेकर तयार झाला. मग मयेकराचे खोलीतले सोबती, बॉयलरवरचे पाच-सहा जण, बाबूभाई आणि त्यांचं कुटुंब, शेजारचे दोन्ही बिऱ्हाडकरू. मलाही बोलावलं. मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा मोठ्या उपकाराच्या चेहऱ्याने हो म्हणालो. बाबूभाई तर स्वतःची लॉरीच घेऊन निघाले. दाजी खुशीत होते. माणसं वाढत होती आणि त्यांचा आवाजही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे अंगणात जमले होते. दाजी समुद्र कसा असतो ते सांगत होते. त्यांनी तो बघितला नव्हता, त्यामुळे वर्णनाला कसलीच आडकाठी नव्हती. तेवढ्यात अक्का दारात आली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "अहो, माणसं बरीच झाली. मयेकरांच्या मामींना एकटीला व्हायचं नाही. आपलं मोठं पातेलं घेऊ ना?"

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखरच पातेल्याचं विचारायचं होतं. पण दाजींचा हात बोलता बोलता हवेतच राहिला. त्या हाताने नुकताच त्यांनी समुद्र दाखवला होता. तो खाली आला आणि ते म्हणाले, "घे." समुद्राचं वर्णन तिथेच संपलं. मला वाईट वाटलं. लोकांना बोलावून ठेवलं, आता नको म्हणता येत नाही. आणि अक्काला नेलं, तर पिंपरीची चूल उचलून बेटावर मांडल्यासारखं होणार. अडकला बिचारा, विहिरीतल्यापेक्षा घट्ट.

सकाळी लॉरी दारात उभी राहिली. सगळे चढले. पोरांची रडारड, बायकांच्या हाका, बाबूभाईंचा हॉर्न. अक्का ते मोठं पातेलं कमरेवर घेऊन आली. वरून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, चहाचं सामान वरच ठेवा हां, घाटाखाली लागेल!"

दाजींनी पुढे होऊन अक्काच्या हातातलं पातेलं घेतलं. ते वर सरकवलं. त्याच्या मागून तांदूळ, डाळ, चहाचं सामान. मग लॉरीची मागची फळी लावली, खीळ घातली आणि खालीच उभे राहून म्हणाले, "बरं, या जाऊन. आमचं जमत नाही."

लॉरीत एकच गलका झाला. "म्हणजे? का पण?"

"पाहुणे यायचेत," दाजी म्हणाले.

"कोन पाव्हनं?" मयेकराने विचारलं. "आमाला म्हायती नाय असं कोन हाय तुमचं?"

"पहिल्यांदाच यायचेत. तुमच्या ओळखीचे नाहीत."

मग आग्रह सुरू झाला. गळ्याच्या शपथा झाल्या. बाबूभाई खाली उतरून दाजींचे हात धरून म्हणाले, "यार, दुल्ह्याशिवाय वरात नेऊ काय मी?" मयेकर म्हणाला, "मग आमीबी नाय जात, राह्यलं!" दाजींनी आयुष्यभर लोकांवर केलेलं सगळं त्या सकाळी त्यांच्यावर उलटलं. आणि तो माणूस हलला नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावरही नाही म्हणणारा मनुष्य आमच्या त्या पट्ट्यात मी तरी पहिलाच बघितला. शेवटी ते बाबूभाईंच्या कानाशी काहीतरी बोलले. बाबूभाईंनी एकदा अक्काकडे बघितलं, मुकाट्याने स्टिअरिंगशी जाऊन बसले आणि गाडी सोडली.

बेट खरोखर सुंदर होतं. शांतही असणार, पण ते आम्ही उतरेपर्यंत. एवढ्या माणसांचं मामींना एकटीला झेपेना, म्हणून आम्हीच पाळ्या लावून स्वयंपाक केला. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला, तसा तो खाल्ला. प्रत्येक घासाला कोणीतरी अक्काचं नाव काढायचं. "वहिनी रोज हे कसं करत असतील?" असं बॉयलरवरचा एक आडदांड गडी पातेलं घासता घासता म्हणाला, तेव्हा मयेकर उठला आणि पातेल्याची दुसरी बाजू घासू लागला.

माझी रजा कमी होती, म्हणून सगळ्यांच्या एक दिवस आधी मी एस.टी.ने परतलो आणि हातात नारळ घेऊन थेट अक्काकडे गेलो. भर दुपार. कारखाना बंद. भोंगा नाही, सायकलींच्या घंट्या नाहीत, शेजारच्या दारांना कुलपं. अंगणात बाज टाकलेली आणि बाजेवर, पाय वर घेऊन, भिंतीला टेकून अक्का बसलेली. हात मांडीवर पडलेले. काही निवडत नव्हती, शिवत नव्हती, पुसत नव्हती. पहिल्यांदाच यायचे होते ते पाहुणे कोण, ते मला तेव्हा कळलं. आतून पिठल्याचा करपट वास येत होता. दाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात पळी, मिशीला पीठ. मला बघताच ओठांवर बोट ठेवून, डोळे मोठे करून त्यांनी अक्काकडे खूण केली. बॉयलरचा दाब पहिल्यांदा बरोबर लागल्यावर जसा चेहरा करीत, तसा चेहरा होता. मोठमोठ्यांच्या गळ्यात हार पडताना मी बघितले आहेत. एवढा अभिमान मी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही.

"आलास?" अक्का म्हणाली. मी वाट बघत उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदाच ती उठली नाही. "माठात पाणी आहे, घे."

मी आत गेलो आणि माझ्या हाताने पाणी घेतलं.

"समुद्र कसा असतो रे?" तिने विचारलं. मी सांगू लागलो. दाजीही पळी घेऊन ऐकायला येऊन बसले, एखाद्या पोरासारखे. मी सांगत होतो त्यापेक्षा त्यांनी अंगणात रंगवलेला समुद्र मोठा होता, हे मला कळत होतं. पण ते मान डोलावत राहिले. पुढच्या वर्षी दोघांनीच जायचं, असं बोलणं झालं. पुढच्या वर्षी कारखान्यात आणखी एक खातं निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. ते जाणं अजून व्हायचंच आहे.

माझं सांगून झालं. मग अक्का जमिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे बघ. सकाळी सावली त्या उंबऱ्याशी असते. मग सरकत सरकत इथवर येते आणि थोड्या वेळाने तुळशीपाशी जाते. इतकी वर्षं या घरात राहतेय, पण मला ठाऊकच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी लॉरी यायची होती. तोवर आम्ही तिघं तिथेच होतो. ऊन पायांशी आलं की दाजी उठत, मी दुसऱ्या बाजूने धरी, आणि अक्का वर बसलेली असतानाच आम्ही ती बाज उचलून पुढच्या सावलीत नेऊन ठेवत असू.