समोरच्या फ्लॅटसाठी भाडेकरू

हेमाताई पोस्टातून निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांची आई गेली. बिबवेवाडीत आईचा फ्लॅट त्यांच्या दारासमोरच होता. तो भाड्याने द्यायचं ठरलं खरं, पण त्या एकट्या राहणाऱ्या. समोर कोण येऊन राहील, याचीच त्यांना काळजी.

एका दुपारी अभय फ्लॅट बघायला आला. इस्त्रीचा शर्ट, वाकून नमस्कार. "कंपनीत आहे, काकू. बायको नंतर येईल."

स्वयंपाकघरात तो डोकावलाही नाही. दाराचं कुलूप मात्र निरखून पाहिलं आणि विचारलं, "समोर आपण एकट्याच का?"

"भाऊ असतो," हेमाताई म्हणाल्या. भाऊ राहायचा दूर, लोणी काळभोरला. "तुमचे आधीचे घरमालक कोण?"

"वैजनाथकाका. घ्या नंबर, बिनधास्त विचारा."

तो बाहेर पडला. हेमाताईंनी दार लावून तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आणि जिन्यात मोबाइल वाजला.

"हॅलो," कानात आवाज आला. तोच दाराबाहेरूनही आला.

"वैजनाथ बोलताय का?"

"हां. अभय ना? सोन्यासारखा मुलगा आहे हो."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

जिन्यात दोघं होते, आणि हेमाताई रिकाम्या फ्लॅटमध्ये एकट्या. कडी घालून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या धम्मदीपला फोन केला. "घरी आहेस का रे? वर ये. आत्ताच्या आत्ता."

धम्मदीप आणि त्याची बायको निकिता धावत आले, तोवर जिना रिकामा झाला होता.

"कारण सांगत बसू नका, काकू. नुसतं नाही म्हणा," निकिता म्हणाली.

फ्लॅट नातेवाइकांना दिला, असा मेसेज हेमाताईंनी अभयला केला. लगेच उत्तर आलं : "ठीक आहे. भावाला नमस्कार सांगा. असला तर."

त्यांनी पोलीस चौकीत दोघांचे नंबर देऊन ठेवले, दोन्ही घरांची कुलपं बदलली. पुढे ऋतुजा नावाची नर्स आली, तेव्हा हेमाताई स्वतः स्वारगेटला तिच्या जुन्या घरमालकिणीकडे गेल्या, चहा घेत तासभर बोलल्या, मगच हो म्हणाल्या.

मुलगी गुणाची निघाली. तरी जिन्यात पावलं वाजून दाराशी थांबली, की हेमाताई आतून कडी चाचपतात. ऋतुजाला ते कळून चुकलंय. किल्ली काढायच्या आधी ती मोठ्याने म्हणते, "मीच आहे हो, काकू."