क्लचप्लेटचे कान

नवी क्लचप्लेट बसेना, म्हणून मी कानस हातात घेतली.

मोटारसायकल खंडूभाऊंची, वीसेक वर्षं जुनी. इंजिन बोंबलायचं, पण चढाला गाडी ढिम्म हलायची नाही. म्हणजे क्लच घसरत होता. इंजिनाची ताकद चाकाकडे पोचवणाऱ्या, तेलात बुडालेल्या गोल चकत्या म्हणजे क्लचप्लेटा. त्या झिजल्या की हेच होतं.

खंडूभाऊ मेंढपाळ. कळप युसूफ वडगावच्या शिवारात बसलेला, पहाटे पुढच्या मुक्कामाला निघणार. नुकतीच जन्मलेली सहा कोकरं चालू शकत नव्हती. ती पाट्यांत घालून गाडीवरच न्यायची. मागे राहिली तर लांडगा ठेवत नाही.

टाकीवरचं गाडीचं नाव वाचून मी सकाळीच बीडहून प्लेटांचा सेट मागवला होता. तीस वर्षं केजला गॅरेज चालवतोय, उघडून कशाला बघायचं!

"मिस्त्री, कावून घासताय?" शेजारी बसलेल्या खंडूभाऊंनी विचारलं.

"जरा घट्ट आहे. दोन हात मारले की बसेल."

"घट्ट न्हाई. कान येगळे हायत तिचे."

प्लेटच्या कडेला दात असतात, ते बाहेरच्या वाटीच्या खाचांत अडकतात. त्यांनाच खंडूभाऊ कान म्हणत होते. मी हसलो. मग जुनी प्लेट नवीवर ठेवून पाहिली. जुनीचे दात रुंद होते आणि दोन कमी. घासून बसवली असती, तर वाटेत तुटली असती. मला लाज वाटली.

"तुम्हाला कसं दिसलं हो?"

"मेंढरं मिसळली की आमी लोकरीवरचा रंग बघत न्हाई, त्यो धुऊन जातोय. कान बघतो. ज्याची त्याची खूण कानाला कापलेली आसती."

मी इंजिनावरचं तेल पुसून नंबर वाचला. इंजिन दुसऱ्याच मॉडेलचं!

"इंजिन कधी बदललं?"

"घेतली तवाच बदललेलं हुतं."

"मग सांगायचं ना!"

"तुमी इचारलं कुटं?"

बीडच्या पार्टवाल्याला फोन लावला. या वेळी गाडीचं नाव सांगितलंच नाही. इंजिनाचा नंबर सांगितला, जुन्या प्लेटचे दात किती आणि किती रुंद, तेही सांगितलं. दुपारच्या एसटीनं सेट आला. प्लेट बोटानं सरकवली तशी आत गेली. दिवस मावळायच्या आत खंडूभाऊ निघाले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सहाही कोकरं मुक्कामाला पोचली होती. मला लई बरं वाटलं.

आता जुनी गाडी आली की मी सामान मागवण्याआधी इंजिन उघडतो. आणि उघडण्याआधी मालकाला विचारतो.