ताटल्यांच्या मागं लागलेली रांग

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. आधी आमच्या गावचे कागद उस्मानाबादला जायचे आणि तिकडंच राहायचे. आता लातूरचे साहेब जीपमध्ये बसून स्वतः येऊ लागले. नवी सून पहिल्या आठवड्यात घरातला प्रत्येक डबा उघडून बघते, तसं त्यांचं चाललं होतं. त्यात आमची बालवाडी सापडली.

बालवाडी नगरपालिकेची, एका खोलीची. शिकवायला बाई आणि हाताखाली मी. माझी शाळा चौथीपर्यंतची. झाडणं, लेकरांच्या खाऊची सुकडी करणं, त्यांची नाकं पुसणं ही माझी कामं. ती तोंड न उघडता करता येतात, म्हणून मला आवडायची. बाई म्हणायच्या, "तुझा आवाज घागरीतनं आल्यासारखा येतो गं. तोबी रिकाम्या न्हाई, भरल्या घागरीतनं."

पटावर अठ्ठावीस लेकरं, यायची नऊ. दुष्काळ होता. पालिकेचा टँकर चौकात यायचा, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. म्हणून बाया सकाळीच घागरी रांगेत लावायच्या, राखणीला लहान लेकरू बसवायच्या आणि घरचं आवरायला जायच्या. आमची एकोणीस लेकरं अशी चौकात घागरी राखत होती.

एके दिवशी पालिकेचा निरोप आला. उद्या साहेब तपासणीला येणार. वीस लेकरं दिसली नाहीत तर आमची बालवाडी बंद करून स्टँडपलीकडच्या बालवाडीत मिसळणार. स्टँडचा रस्ता म्हणजे एसट्या, ट्रक, बैलगाड्या. तीन वर्षांचं लेकरू तिकडं कोण पाठवणार? बाई घरोघर जाऊन आल्या. सगळीकडं एकच उत्तर मिळालं, "बाई, पाठवते की, पण घागर तुमी राखता का?"

मला दुसरं काही सुचेना. उद्या साहेबांना निदान भांडी तरी लखलखीत दिसावीत म्हणून मी सगळ्या ताटल्या काढल्या. वापर नसल्यानं धूळ बसली होती. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून राखेनं घासल्या, फडक्यानं पुसल्या आणि उन्हात भिंतीच्या कडेनं एका ओळीत मांडल्या.

पाणवठ्यावर जिचा शब्द शेवटचा, ती म्हातारी आक्का तेवढ्यात रिकामी घागर घेऊन चौकाकडं निघाली होती. ओळ बघून ती थांबली. त्या दिवसांत भांड्यांची ओळ दिसली की कुणी विचारत नसे, आधी आपलं भांडं लावायचं आणि मग चौकशी करायची. तिनं अठ्ठाविसाव्या ताटलीमागं घागर टेकवली.

"आज टँकर इथं यायलाय का गं?"

मी 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. ते बाहेर पडेपर्यंत तिच्यामागं चार हंडे लागले होते. अर्ध्या तासात चौकातली रांग उठून आमच्या दारात आली.

"आन् ताटलीत कोण पाणी न्यायलंय गं?" एकीनं विचारलं.

"पालिकेच्या हायेत त्या," आक्का म्हणाली. "टँकर पालिकेचा, मग पहिला नंबर कुणाचा?"

ते सगळ्यांना पटलं. घागरींसोबत लेकरंही आली होती. त्यांनी ताटल्या बघितल्या आणि घागरी सोडून एकेका ताटलीपुढं मांडी घालून बसली. बाई आत पळाल्या, "अगं सुकडी कर, सुकडी!" ड्रायव्हरनं रिकाम्या चौकात हॉर्न वाजवला, कुणीच येईना, मग रांग शोधत तोही आमच्या दारात आला. उतरताच ओरडला, "जागा बदलली तर माणसानं सांगावं की!" मी खोलीत लपले.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा इथंच लागली. साहेब आले तेव्हा आत सव्वीस लेकरं मोठ्यानं अंक म्हणत होती. साहेब खूश झाले. मग बाहेर बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "टँकरची जागा चौक आहे. इथं कुणाच्या हुकमानं? उद्यापासून परत चौकात न्या."

टँकर गेला की लेकरं गेली. बाई माझ्याकडं बघू लागल्या, कारण टँकर कसा आला ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. साहेबही बघू लागले. आक्का दारातून म्हणाली, "बोल की गं माय, दात गहाण ठेवलेस का?"

मी एका पोरीच्या हातातली पाटी घेतली आणि लिहिलं, 'साहेब, टँकर इथं थांबला तर लेकरं इथं बसतात. आया रांगेत, लेकरं आत. चौकात गेला तर लेकरं परत घागरी राखतील.' आणि पाटी त्यांच्यापुढं धरली.

साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "बरोबर आहे. पण पाटी फायलीला कशी लावू? कागदावर द्या."

बाईंनी हजेरीपटाचं मागचं पान फाडलं. मी तेच परत लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी तिथंच कोपऱ्यात तांबड्या शाईनं लिहिलं, 'पाऊस पडेपर्यंत टँकर बालवाडीसमोर थांबवावा.'

जीप गेल्यावर बाई म्हणाल्या, "बोललीस की गं शेवटी."

मी म्हटलं, "न्हाई जी. लिहिलं."