मीनाच्या हातची झाडं

चारचौघांत मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, पण लिहिताना ते काही जमत नाही. तेव्हा इथे तो नुसता गिरिधर. खतं-औषधं विकणाऱ्या एका कंपनीत तो बागांचा सल्लागार होता. कंपनीच्या जीपमधून जालना जिल्ह्यातली मोसंबीची गावं पालथी घालायचा, झाडाखाली उकिडवा बसून पानं उलटून बघायचा आणि निघताना एक चिठ्ठी लिहून द्यायचा. चिठ्ठीवर कंपनीचं औषध असायचंच. सल्ला फुकट आणि औषधाला पैसे, हा व्यवहार दोन्ही बाजूंना बराबर कळत होता आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला. शेतकऱ्यांना आता सल्ला मोबाइलवर मिळणार होता, त्यामुळे सल्लागारांचं काम संपलं होतं. जीप तेवढी परत करायची होती. याने ती आधी धुतली, पुसली, सीटच्या फटीत अडकलेली माती काडीने टोकरून काढली आणि मग नेऊन दिली. मी म्हटलं, घरी बसवणाऱ्यांची जीप कसली धुतोस? तर म्हणे, जीपने माझं काय वाकडं केलंय. मला त्याचा संताप आला, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन मी रडले.

पुढचे काही महिने त्याने घरात जो उच्छाद मांडला, तो माझा मला माहीत. बसणं हा प्रकार त्याच्या अंगातच नाही. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्याने 'सोयीनुसार' लावले, आणि मी मोहरीसाठी सगळी फळी धुंडाळू लागले. शेजारच्या गिरिजाबाईंची जास्वंद तिच्याच भल्यासाठी म्हणून इतकी छाटली की त्यांना पूजेला फूल मिळेना. भाजीवालीला मेथीच्या जुड्या कशा रचाव्यात ते समजावलं, तर ती पलीकडच्या गल्लीने जायला लागली. बँकेतून दमून यावं तर हा दारातच उभा, आज काय बिघडलंय आणि कसं सुधारावं हे सांगायला तयार.

त्याचा शाळेतला मित्र मुकुल. त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. तो म्हणाला, माझ्या काउंटरवर बस, नाव तुझं आणि माल माझा. गिरिधरला ते नको होतं. त्याला सल्लाच द्यायचा होता, पण कुणाचं काही न विकता, आणि त्या सल्ल्याचे पैसे घेऊन. मुकुल पोट धरून हसला. आपल्याकडे सल्ला चहाबरोबर मिळतो, तो विकत कोण घेतो? शेवटी दोघांचं ठरलं. हिवाळ्यातला बहार येईपर्यंत थांबायचं. तोवर एक जरी बाग हाताला लागली आणि नीट फुलली, तर गिरिधर पुन्हा सल्लागार. नाही तर मुकाट्याने काउंटर. आमची चूल माझ्या पगारावर चालत होती, त्याची काळजी नव्हती. हा माणूस काउंटरमागे बसून मिटून जाईल, याची मला भीती वाटत होती.

मोटरसायकल काढून तो टेंभुर्णीपासून आष्टीपर्यंत फिरला. लोक ओळख विसरले नव्हते. बाज टाकली, चहा दिला, आणि मग ठरलेला प्रश्न विचारला : साहेब, आता कोणत्या कंपनीत? कोणत्याच नाही, हे सांगताना याची मान खाली जायची. तिथेच समोरच्याचा चेहरा बदलायचा. जो काहीच विकत नाही, त्याच्या मनात नक्की काहीतरी गोम असणार. सगळे 'कळवतो' म्हणाले आणि कुणीही कळवलं नाही.

कळवलं ते एकट्या कचरूने. राजूरजवळच्या गावचा तो बागायतदार, घरचा भक्कम आणि स्वभावाने हेकट. आदल्या वर्षी त्याच्या मोसंबीला फूल कुठे लागलं, कुठे लागलंच नाही. मोबाइलवरच्या सल्ल्याने त्याचं डोकं उठलं होतं. झाडाला फळ दिसलं की तुमचे पैसे, असं म्हणाला, आणि गिरिधरने लगेच हो म्हटलं.

मोसंबीला बहार धरायचा तर आधी तिला ताणावर सोडतात. म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात, बाग आजारी दिसायला लागते. त्यानंतर योग्य वेळी हलकं पाणी, मग भरपूर पाणी, आणि झाड फुलांनी भरतं. हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण आपल्या डोळ्यांदेखत आपली बाग सुकताना बघणं फार थोड्यांना जमतं. कुणी मध्येच थोडं पाणी सोडतं, कुणी फवारा मारतं. गिरिधरने कचरूला सांगितलं, यंदा काही म्हणजे काही करायचं नाही, मी सांगेन तोवर हात बांधून बसा. ज्याला स्वतःला घटकाभर बसवत नाही, त्याने दुसऱ्याला बसायचा सल्ला दिला होता. मला हसूच आलं.

पौष लागला तसं माझं हसू पळालं. कचरूचे रोज फोन. गावात लोक म्हणत होते, साहेबाने बाग वाळवली. गिरिधर उठसूट राजूरला पळायचा, एकेक फांदी बघून यायचा आणि जेवताना घास हातातच ठेवून विचार करायचा. एकदा म्हणाला, कंपनीत असतो तर एखादं टॉनिक लिहून दिलं असतं. त्याने बागेला काही झालं नसतं, पण कचरू शांत झोपला असता. मी म्हटलं, मग लिही की. त्यावर तो ताटावरून उठला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी कचरूच्या बायकोने, चतुराबाईने, मला हळदीकुंकवाला बोलावलं. मी गिरिधरच्या मागे मोटरसायकलवर बसून गेले. बांधाशी पोहोचलो आणि गिरिधरने गाडी स्टँडलासुद्धा नीट लावली नाही. सगळी बाग मलूल, पण घराला लागून असलेल्या दोन ओळी हिरव्यागार, ताज्यातवान्या. बुंध्याशी अजून ओल होती.

चतुराबाईंनी काही लपवलं नाही. मला कुंकू लावता लावताच सांगितलं, "मीना आल्ती संक्रांतीला. लग्नाच्या आधी तिनं लावलेली झाडं हाईत ती. लेक दारात आन् तिच्या हातची झाडं तहानेली? मला न्हाई पाहावलं. टाकीचा पाइप लावून दिला."

कचरू तावातावाने आला आणि बायकोला बोलायला लागला. खरं तर गिरिधरला यातून अलगद सुटता आलं असतं. बाग बिघडली तर दोष बाईचा, आणि वर एक चिठ्ठी लिहून दिली की सल्लाही दिल्यासारखा. कचरू म्हणतच होता, आता कोणतं औषध मारायचं ते लिहा जल्दी. गिरिधरचा हात शर्टाच्या खिशाकडे गेलेला मी पाहिला. पेन तिथेच होतं. हात तसाच रिकामा खाली आला.

"वहिनींना काही बोलू नका," तो म्हणाला. "या दोन ओळींचा ताण मोडला, त्या यंदा गेल्या असं समजा. बाकीच्या बागेला हात लावू नका."

"औषध न्हाई, फवारा न्हाई, पाणी न्हाई," कचरू म्हणाला. "मंग साहेब, तुम्ही तरी कशाला पाह्यजे?"

माझ्या हातात वाणाची वाटी होती. ती त्या माणसाच्या डोक्यात घालावीशी वाटली, इतकी मी चिडले. परतीच्या वाटेवर राजूरच्या गणपतीपाशी मी थांबायचं का विचारलं, तर गिरिधरने गाडीचा वेग वाढवला. घरी आल्यावर मुकुलला फोन लावून सांगितलं, उद्या येतो.

काउंटरवरही त्याने आपला गुण दाखवला. आलेल्या गिऱ्हाइकाला हा सांगायचा, तुम्हाला याची गरज नाही, पैसे वाचवा. मुकुलने कपाळावर हात मारला. मधे एकदा गिरिधरने कचरूला फोन करून पाणी कधी आणि किती सोडायचं ते सांगितलं. पलीकडून 'बरं' एवढंच आलं आणि फोन बंद. त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. विचारायची याची हिंमत नव्हती. दोनदा तो दर्शनाला म्हणून राजूरला गेला आणि बागेकडे न वळता परत आला. देवाचा इतका लळा याला कधीपासून, असं मी टोचून विचारलं. तो हसलाही नाही, आणि मग मलाच वाईट वाटलं.

फेब्रुवारीत फोन आला तो चतुराबाईंचा, आणि तोही मला. साहेबाला घेऊन या, एवढंच म्हणाल्या. बरं की वाईट, काही सांगितलं नाही. गिरिधर इतक्या हळू गाडी चालवत होता की सायकलवाला पुढे गेला. गावाचा फाटा ओलांडला आणि वाऱ्यावर मोसंबीच्या फुलांचा वास आला. त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाग पांढरी झाली होती. घराजवळच्या दोन ओळींना मात्र नुसती पालवी, शपथेला फूल नाही. कचरूने आजूबाजूचे बागायतदार गोळा केले होते आणि त्यांना नेमकं त्या दोन ओळींच्या टोकाशी उभं केलं होतं. इकडे ताणात पाणी दिलेली झाडं, तिकडे न दिलेली. बघा म्हणत होता, बोलायचं कामच न्हाई. ज्या चुकीने सगळं जाईल असं वाटलं होतं, तीच आज गिरिधरच्या बाजूने उभी होती.

चतुराबाई ओशाळल्या वगैरे बिलकुल नव्हत्या. पुढल्या साली मीना आल्यावर काय करायचं, हे त्यांनी सरळ विचारलं. गिरिधर म्हणाला, पाणी द्या वहिनी, मी त्या दोन ओळी सोडूनच बागेचं ठरवीन.

तो झाडाखाली उकिडवा बसून कळ्या बघत होता, तेव्हा घोळक्यातल्या एकाने तोच जुना प्रश्न विचारला, "साहेब कोणत्या कंपनीचे म्हणायचे?"

गिरिधरची मान सवयीने खाली गेली. त्याने उत्तर द्यायच्या आत कचरू बोलला.

"कोणत्याच न्हाई. म्हणून तर बोलावलं मी त्यायला."

विचारणाऱ्याने खिशातून मोबाइल काढला आणि गिरिधरचा नंबर मागितला. गिरिधरने तो सांगितला, आणि सांगताना मान वर होती.