साडूंचं तिसरं पान

माझ्या साडूंइतका शिकलेला माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि त्यांच्याकडे पदवी नाही. बातमीदारीत इतकी वर्षं घालवल्यावर असं सरसकट विधान मी सहसा करत नाही. कोणी केलं तर 'कोण म्हणतं?' असं समासात लिहून परत पाठवतो. पण इथे पुरावा आहे. कोलशेतला त्यांच्या घरी लोखंडी कपाटात एक निळी फाईल आहे आणि तिच्यात सव्वीस प्रमाणपत्रं आहेत. मधमाशीपालन, कराराचा कायदा, प्रथमोपचार, वाटाघाटी, मंगळावरचे खडक. सगळी ऑनलाईन, सगळी फुकट, सगळी प्लॅस्टिकच्या पिशवीत. दहावीनंतर ते रसायनांच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शाळेने जे दिलं नाही ते मोबाईलवर मिळतंय म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही.

त्यांची शिकायची पद्धत पाहण्यासारखी आहे. व्हिडिओ लावण्याआधी ते इस्त्रीचा शर्ट घालतात. समोरून दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण बनियनवर वर्गात बसवत नाही म्हणतात. व्हिडिओ मध्येच थांबवत नाहीत, कारण थांबवला की सर तोंड उघडं ठेवून तसेच अडकतात आणि ते त्यांना बघवत नाही. त्यामुळे पाहुणा कोणीही असो, धडा संपेपर्यंत त्याने दाराशी उभं राहायचं. मी राहिलेलो आहे. शिकलेलं लगेच वापरायचं हा दुसरा नियम. वाटाघाटींचा कोर्स झाल्यावर मेथीच्या जुडीमागे भाजीवालीला पाच रुपये जास्त देऊन आले. दोन्ही बाजू जिंकल्या पाहिजेत, असं चौथ्या धड्यात होतं म्हणे. प्रथमोपचारानंतर आंबिवलीच्या एका लग्नात जेवून पेंगलेल्या नवरदेवाच्या काकांना त्यांनी सतरंजीवर कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली आणि लोकांना मागे सरकायला सांगितलं. काका जागे झाले ते त्यांच्याभोवती जमलेल्या साठ माणसांना बघून, आणि मग खरोखरच त्यांना पाणी द्यावं लागलं.

या विषयावर माझं आणि त्यांचं पटत नाही. मी आमच्या पुरवणीत एक लेख लिहिला होता. या कोर्सना नाव हजारो लोक घालतात, शेवटापर्यंत मूठभर जातात, म्हणजे हा शिक्षणाचा नुसता देखावा आहे, असा त्याचा सूर होता. लेख मुद्देसूद होता आणि त्यात अनुभवाचा भक्कम आधार होता, फक्त तो कोणाचा हे मी लिहिलं नव्हतं. मी स्वतः नऊ कोर्सना नाव घातलं होतं आणि एकही संपवला नव्हता. सर्वांत पुढे गेलो तो 'चांगल्या सवयी कशा लावाव्यात' या कोर्समध्ये, तिसऱ्या धड्यापर्यंत. साडूंनी लेख कापून ठेवला आणि मला फोन केला. म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोण वाचतं?" कोणीच नाही, असं मला सांगावं लागलं. "मग तुम्ही तो बंद करता का?" मी म्हटलं की ती तुलना चुकीची आहे. का चुकीची, ते मी अजून शोधतोय.

गेल्या वर्षी त्यांच्या मनाने एक गोष्ट घेतली. त्यांच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका आहे. तिथे रविवारी मोठ्या माणसांना वाचायला शिकवायचा वर्ग त्यांना काढायचा होता. कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, शिकवण्याचा, निदान भाषेचा, काही कागद आहे का? साडूंनी निळी फाईल पुढे केली. मंगळावरचे खडक बघून अध्यक्षांनी फाईल मिटली आणि ते म्हणाले की दोन महिन्यांनी मीटिंग आहे, तोवर भाषेचा काही तरी आणा, नाहीतर जागा शिवणवर्गाला द्यावी लागेल. साडू घरी येऊन लगेच कुठल्याशा लेखनाच्या कोर्सला बसले, एवढं मला बायकोकडून कळलं. ती त्यांची धाकटी मेहुणी. तिला सगळं कळतं.

मला मात्र दुसराच उद्योग होता. संपादकांना लेखाचा पुढचा भाग हवा होता, म्हणून 'आठवणीतून लेखन' नावाच्या मराठी कोर्सला मी गुपचूप नाव घातलं. त्यात शिक्षक तपासत नाहीत. शिकणाऱ्यांनीच एकमेकांचे निबंध नावं न कळता तपासायचे, प्रत्येकाने तिघांचे. सहाव्या आठवड्यात, माझ्या लेखात लिहिल्याप्रमाणे, वर्ग जवळजवळ रिकामा झाला होता. चर्चेच्या पानावर सात-आठ जण उरले होते, आणि त्यांतला एक मी होतो, तोही पगारी. माझ्याकडे आलेले तिन्ही निबंध मी जेवणाच्या सुट्टीआधी वीस मिनिटांत उरकले. तिसरा 'शिक्षण हा मानवी जीवनाचा पाया आहे' असा सुरू होत होता. बातमी पहिल्या परिच्छेदात नसेल तर ती नाहीच, असं मला शिकवलेलं आहे. मी दहापैकी तीन गुण दिले, 'पहिली दोन पानं काढून टाका. विषय काय ते ठरवा.' असा शेरा मारला आणि डबा उघडला.

पुढच्या रविवारी साडू डोंबिवलीला आमच्याकडे आले. हातात छापून आणलेले कागद होते. पास व्हायला तिघांचे मिळून अठरा गुण लागत होते, सतरा झाले होते. आठवड्याच्या आत सुधारून पुन्हा पाठवायची एक संधी होती आणि मीटिंगला बारा दिवस होते. त्यांनी शेरे माझ्यासमोर ठेवले. पहिला 'छान', दुसरा 'खूप छान', आणि तिसरा मी ओळखला. माझा पूर्णविरामसुद्धा मी ओळखला.

"यातला हा एकच माणूस काहीतरी बोललाय," साडू म्हणाले. "पण त्याने तिसरं पान वाचलेलं नाही. विषय तिसऱ्या पानावर ठरलेला आहे."

मी तिसरं पान वाचलं. साडू विशीत असताना त्यांच्या पाळीत कोळीवाड्यातला एक सोबती होता. त्याने शाळा पाहिली नव्हती. एक दिवस त्याने एका कॅनचं झाकण उघडलं. कॅनवर सगळं लिहिलेलं होतं. त्याचा डावा डोळा गेला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत साडू रोज पाळी सुरू होताना कॅनवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवायचे. लोक त्यांना रेडिओ म्हणायचे. पान तिथेच संपत होतं. त्यात एकही विशेषण काढण्यासारखं नव्हतं.

मी पेन्सिलने पहिल्या दोन पानांवर आडवी काट मारली. मग म्हटलं की तो तीन गुण देणारा माणूस मी आहे.

"माहीत आहे," साडू म्हणाले. "'विषय काय ते ठरवा' हे दिवाळीत तुम्ही माझ्या बायकोलाही म्हणालेलात. ती गुडघ्याचं सांगत होती."

मग आल्या आल्या बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला. "तुम्ही सहाव्या आठवड्यापर्यंत आलेलात, साडूभाऊ. बोललो असतो तर लाजून सोडून दिलं असतंत. आता दोनच धडे राहिलेत तुमचे."

ते पास झाले. अध्यक्षांनी प्रमाणपत्र न वाचताच फाईलला लावलं. मीही कोर्स पूर्ण केला. त्या लेखाचा पुढचा भाग तेवढा झाला नाही, संपादकांना मी विषय अजून ठरतोय असं सांगतो.

वर्गाच्या चौथ्या रविवारी मी कोलशेतला गेलो. पहिल्या दिवशी अकरा जण आले होते, त्या दिवशी चार होते. हा आकडा मी सवयीने टिपून घेतला. पुस्तकं नव्हती, ज्याने त्याने घरातली एखादी बाटली किंवा डबा आणायचा आणि त्यावरचं वाचायचं. पुढच्या सतरंजीवर एक म्हातारे गृहस्थ संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उजव्या डोळ्याजवळ धरून बसले होते. त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. ते एकेका अक्षरावर बोट ठेवत, मागे जात, पुन्हा पुढे येत होते. एका ओळीला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. साडू इस्त्रीच्या शर्टात शेजारी उभे होते. एकदा त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी अक्षर सांगितलं नाही.

"डो-ळ्यां-पा-सून दू-र ठे-वा," म्हाताऱ्यांनी वाचलं. मग बाटली खाली ठेवून त्यांनी साडूंकडे पाहिलं. "एवराच लिवला व्हता?"

"एवढंच," साडू म्हणाले, आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले.